खासगी पार्किंगचं पाकीट: ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या टेबलापाशी, एका मुलीनं मला हळूच बाजूला बोलावलं. नर्स आहे, दीड वर्षापूर्वी सांगलीहून आली. पर्समधून तिनं एक पत्र काढलं. उघडून-मिटून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. वर तिच्या गाडीचे दोन काळपट फोटो, एक आत येतानाचा, एक बाहेर जातानाचा, आणि खाली ठळक अक्षरांत १०० पौंड. १४ दिवसांत भरले तर ६०. "ताई, आज रात्रीच भरून टाकते. घरचे म्हणतात, ठेवलं तर व्हिसाला लागेल." शेजारी चिवडा घेत असलेल्या एका काकांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, "काही भरू नकोस. कचऱ्यात टाक. मी आजवर एकही भरलेलं नाही."

हे दोन्ही सल्ले मी गेली कित्येक वर्षं आपल्या घरांतून ऐकते आहे. कुणी घाबरून भरतं, कुणी बिनधास्त फेकतं. अपील करावं का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो विचारावा, पत्र हातात घेऊन विचारावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कागद ओळखा. इथं दोन वेगळ्या गोष्टींचं लघुरूप एकच आहे, पीसीएन. कौन्सिलकडून येते ती पेनल्टी चार्ज नोटीस. ती कायद्यानं ठरवलेला दंड असते आणि तिचा अपिलाचा मार्ग निराळा. सुपरमार्केट, रिटेल पार्क, जिम, हॉस्पिटल, फ्लॅटचं आवार अशा खासगी जागेवर कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दिसायला दोन्ही सारख्याच धाकाच्या. पण खासगी कंपनीचा कागद म्हणजे दंड नव्हे. तुम्ही आमच्या पाटीवरच्या अटी मोडल्या, तेव्हा करारापोटी इतके पैसे द्या, असं ते मागणं आहे. त्यात गुन्हा नाही, पोलीस नाहीत, शिक्षेची नोंद नाही. त्या मुलीला मी पहिल्यांदा हेच सांगितलं. शंभर पौंडांच्या या कागदानं तुझा व्हिसा जात नाही. आणि हो, पार्किंगचे पैसे थकलेत म्हणून मोबाइलवर लिंक आली तर ती उघडूही नका. खासगी कंपन्या डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, तुमचा पत्ता घेतात आणि पोस्टानं पत्र पाठवतात.

आता काकांबद्दल. त्यांचा सल्ला एके काळी अगदी बरोबर होता, हे मुद्दाम सांगते, कारण तो देणारी माणसं खोटं बोलत नाहीत. २०१२ पूर्वी खासगी जागेवर गाडी चुकीची लावली तर चाकाला लोखंडी जबडा, म्हणजे क्लॅम्प, लावायचे किंवा गाडी उचलून न्यायचे. नुसतं पत्र आलं, तर कंपनीचा दावा फक्त गाडी चालवणाऱ्यावर चालायचा, आणि चालवत कोण होतं हे कंपनीला कळायला मार्ग नसायचा. पत्र फेकून दिलं की बहुतेक वेळा प्रकरण तिथंच विझायचं. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हे बदललं. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनं खासगी जागेवरचे जबडे बंद केले, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानं कंपन्यांना नवा हक्क दिला: ड्रायव्हर कोण ते कळलं नाही, तर ज्याच्या नावावर गाडीचं लॉग बुक, म्हणजे नोंदणीचा कागद, आहे त्या कीपरकडून पैसे मागता येतील. त्यासाठी कागद वेळेत आणि कायद्यात सांगितलेल्या मजकुरासह यायला हवा, अशी अट घातली. या अटीकडे मी पुन्हा येणार आहे.

तरीही लोक म्हणत राहिले, दोन-तीन तास जास्त थांबल्याचे एवढे पैसे कुठलं कोर्ट मान्य करेल? त्याचं उत्तर २०१५ साली मिळालं. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट पार्किंग होतं. बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथं ५६ मिनिटं जास्त थांबले. पार्किंगआय कंपनीनं ८५ पौंड मागितले. बीव्हिस थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सहा विरुद्ध एक अशा मतांनी हरले. जागा अडून राहू नये यात कंपनीचं आणि जागामालकाचं रास्त हित आहे, पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या, रक्कम अवाच्या सवा नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. तेव्हापासून "रक्कम फार आहे" एवढ्या एका मुद्द्यावर अपील करण्यात अर्थ उरलेला नाही. पण त्या निकालात पाट्यांच्या मोठेपणाला किती महत्त्व दिलंय ते पाहा. पाटी झाडामागे असेल, रात्री तिच्यावर दिवा नसेल, रक्कम बारीक अक्षरात असेल, तर तोच निकाल तुमच्या बाजूनं बोलतो.

काकांची वीस वर्षांपूर्वीची हिंमत आज किती महागात पडते ते मी आमच्याच गल्लीत पाहिलं. एका जोडप्यानं घर बदललं आणि लॉग बुकावरचा पत्ता बदलायचा राहून गेला. कंपनीची पत्रं जुन्या घरी जात राहिली. मग वसुलीवाल्यांची पत्रं, त्यात ७० पौंड वाढवलेले. मग काउंटी कोर्टाचा दावा. त्याला उत्तर गेलं नाही म्हणून यांच्या गैरहजेरीत निकाल लागला. हे सगळं त्यांना कळलं केव्हा, तर घरासाठी कर्जाचा अर्ज बँकेनं परत पाठवला तेव्हा. असा निकाल, ज्याला इथं सीसीजे म्हणतात, महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंदीतून पुसला जातो. नाही तर सहा वर्षं राहतो. निकाल रद्द करायच्या अर्जाची कोर्ट फीच तीनशे पौंडांच्या घरात. त्या बाई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला म्हणाल्या, "साठ पौंडांचं होतं हो ते." तो आवाज अजून कानात आहे. वसुली एजंटच्या पत्राला घाबरू नका, त्याला तुमच्या दाराशी येऊन सामान उचलायचा अधिकार नाही. पण दाव्याच्या आधी ३० दिवसांची मुदत देणारं पत्र येतं आणि नंतर खुद्द कोर्टाचा कागद येतो. या दोन्हींना उत्तर न देणं म्हणजे आपणहून हरणं.

आणि घाबरून भरण्याचं काय? ते मी स्वतः केलं आहे.

२०२१ चा नोव्हेंबर. संध्याकाळी साडेचारलाच काळोख, आडवा पाऊस. सुपरमार्केटच्या मागच्या पार्किंगमध्ये मशीनवर गाडीचा नंबर टाइप करून तिकीट घ्यायचं होतं. आमची गाडी जुनी, '६०' च्या प्लेटची. हातमोजे न काढता मी बटणं दाबली, कार्ड लावलं, २ पौंड ४० पेन्स गेले, तिकीट आलं. तीन आठवड्यांनी पत्र: पैसे न भरता गाडी लावली, १०० पौंड, १४ दिवसांत ६०. मला इथं येऊन फार दिवस झाले नव्हते. रात्रभर झोप नाही. सकाळी ६० पौंड भरून टाकले आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. फेब्रुवारीत गाडीचा खण साफ करताना ते तिकीट हाताला लागलं. शून्याच्या जागी मी इंग्रजी 'ओ' दाबला होता. तेवढंच. पैसे भरलेले होते, तिकीट होतं, वेळ बरोबर होती. एखाद-दुसरं अक्षर चुकणं ही किरकोळ चूक, तिच्यावर आलेली नोटीस अपिलात रद्द व्हायला हवी, असं कंपन्यांच्या स्वतःच्याच आचारसंहितेत लिहिलेलं आहे. सगळा नंबरच चुकला, समजा घाईत नवऱ्याच्या गाडीचा टाकला, तरी पैसे भरल्याचा पुरावा असेल तर २० पौंडांवर मिटवायची तरतूद आहे. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, रक्कम भरली असल्यानं प्रकरण बंद झालं आहे. ते खरंच होतं. एकदा पैसे भरले की अपिलाचा हक्क संपतो.

साठ पौंड ही माझ्या तेव्हाच्या आठवड्याच्या किराण्याएवढी रक्कम होती. पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. मी चूक केली असणारच, असं मी कागद न वाचता धरून चालले. परक्या देशात आपण नियम मोडू नये या संस्कारानं आपण वाढलो आहोत आणि तो चांगलाच आहे. पण छापील कागद म्हणजे खरा कागद, हे त्याला चिकटून येतं. डीव्हीएलएकडे एका गाडीच्या नोंदीसाठी कंपनी २ पौंड ५० पेन्स भरते आणि पत्र सुटतं. वर्षाला अशी एक कोटीहून जास्त पत्रं निघतात. त्यातलं प्रत्येक माणसानं नीट पाहून पाठवलेलं असेल असं समजायचं कारण नाही. कॅमेरा फक्त गाडी आत आली आणि बाहेर गेली एवढंच टिपतो. सकाळी दूध आणायला गेलात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानात गेलात, तर मधलं जाणं-येणं कॅमेऱ्यानं न टिपल्यामुळे तुम्ही दिवसभर तिथंच होतात असाही कागद येतो.

याच्या उलटही घडलं आहे, तेही सांगायला हवं. २०२३ साली सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांच्या पायाला बसतील असे बूट शोधत आम्ही रिटेल पार्कमध्ये फिरलो. दोन तास फुकट होते, आम्ही दोन तास सत्तेचाळीस मिनिटं थांबलो. पत्र आलं. या वेळी मी परत तिथं गेले, पाट्या पाहिल्या. आत शिरतानाच मोठी पाटी, प्रत्येक खांबावर एक, सगळ्यांवर रक्कम ठळक. पत्र वेळेत आलेलं. ज्या दुकानातून बूट घेतले तिथल्या मॅनेजरला पावती दाखवून विनंती केली, कारण जागेचा मालक किंवा दुकान सांगेल तर कंपनी नोटीस मागे घेते, आणि हा मार्ग सगळ्यात आधी करून पाहावा. त्या बाईंनी प्रयत्न केला, जमलं नाही. मी ६० पौंड भरले. अपील केलं नाही. चूक माझी होती, कागद बरोबर होता, आणि पोपला या कंपनीबाहेरच्या अपील संस्थेकडे जाऊन ४० पौंडांची सूट गमावण्यात शहाणपण नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली.

तेव्हा ठरवायचं कसं? पाकीट आलं की पहिल्याच दिवशी त्यावरच्या दोन तारखा पाहा: गाडी लावल्याची आणि पत्राची. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं, नुसत्या कॅमेऱ्यावरून पत्र आलं असेल, तर ते गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत कीपरच्या हातात पडायला हवं. टपालात टाकल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांनी ते पोचलं असं धरतात. काचेवर नोटीस लावली असेल तर हिशेब वेगळा, मग कीपरला पत्र २८ दिवसांनंतर आणि ५६ दिवसांच्या आत यायचं. ही मुदत चुकली तर ड्रायव्हरची जबाबदारी जात नाही, पण ती कीपरच्या गळ्यात घालता येत नाही. म्हणूनच पत्राला उत्तर देताना "मी गाडी लावली", "मला उशीर झाला" असं लिहून टाकू नका. "या गाडीची कीपर म्हणून लिहिते" असं लिहा. पोलिसांनी विचारलं तर ड्रायव्हरचं नाव सांगावंच लागतं. खासगी कंपनीला सांगण्याची सक्ती नाही. खोटं मात्र एक अक्षरही लिहायचं नाही. काही जणांना यात पळवाट दिसते. मला दिसत नाही. कंपनी आपल्याला १४ दिवसांचा काटा दाखवते, कायद्यानं तिलाही १४ दिवसांचा काटा लावला आहे.

स्कॉटलंडमधल्या मंडळींना ही कीपरची जबाबदारी लागूच होत नाही. विमानतळासारख्या जागांवर, जिथं स्वतःचे उपनियम चालतात, तिथंही हे परिशिष्ट लागत नाही. पण आईबाबांना हीथ्रोवर सोडून आलात की ड्रॉप-ऑफची फी दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन भरायची असते. निरोपाच्या भरात ती नेमकी विसरते. मोबाइलवर गजर लावून ठेवा.

तारखांनंतर मिनिटं मोजा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या पार्किंगवाल्यांच्या दोन्ही संघटनांच्या कंपन्यांना एकच आचारसंहिता लागू आहे. वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सवलत तिच्यात आहे. कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले, एवढ्यावरून आता आकारणी करता येत नाही, बाहेर पडण्याआधी भरले असले म्हणजे झालं. हा बदल २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. गाडी बंद पडली, मूल आजारी पडलं, ॲप चालत नव्हतं, तर त्याचा कागद, फोटो, स्क्रीनशॉट गोळा करा. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि तुमच्याच जागेवर नोटीस आली असेल, तर भाडेकरार किंवा लीज काढून वाचा. जागा वापरायचा हक्क त्यात लिहिलेला असेल तर मागाहून आलेल्या पाटीनं तो सहजासहजी जात नाही.

पहिलं अपील कंपनीकडेच करायचं, २८ दिवसांच्या आत. पण १४ दिवसांच्या आत केलंत तर बरं, कारण ते फेटाळलं तरी ६० पौंडांत मिटवायची सवलत पुन्हा देऊ करतात. पत्रातली ओळ वाचून खात्री करा. म्हणजे या पायरीवर गमावण्यासारखं जवळजवळ काही नाही, आणि मुद्दा असेल तर ती गाळू नये असं माझं ठाम मत आहे. पुढची पायरी विचार करून चढायची. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर पोपला, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस. पोपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पण तिथं गेलात की सूट गेली. हरलात आणि तरीही भरले नाहीत, तर कंपनी कोर्टात जाऊ शकते, आणि वाढीव ७०, कोर्टाची ३५ ची फी, वकिलाचे ५० असं करत आकडा अडीचशेच्या आसपास पोचतो. तारीख, पाटी किंवा पुरावा यांतलं काहीतरी भक्कम असेल तरच पुढे जा.

लिहिताना थोडक्यात लिहा. आपल्याला सवय आहे शाळेच्या अर्जासारखं लिहायची: विनंती विशेष, मी नवीन आहे, मुलं लहान आहेत, कृपया माफ करावं. दुकानाच्या मॅनेजरला हे सांगा, तो माणूस आहे, ऐकेल. पोपला मात्र नोटीस नियमानं दिली का एवढंच तपासते. तिथं चार ओळी आणि तीन फोटो पुरतात.

जाता जाता आपल्या मंडळांना एक विनंती. नवीन कुटुंब आलं की आपण जीपीकडे नाव कसं घालायचं, कौन्सिल टॅक्स कसा भरायचा, भाकरीचं पीठ कुठं मिळतं, सगळं सांगतो. त्यात हेही सांगा. लॉग बुकावरचा पत्ता बदला, पाकीट फोडा, तारीख बघा. २०१९ साली संसदेनं पार्किंगच्या सरकारी आचारसंहितेचा कायदा केला, २०२२ च्या फेब्रुवारीत ती संहिता प्रसिद्ध झाली, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये ती मागे घेतली गेली. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारनं पुन्हा लोकांची मतं मागवली. ती कधी लागू व्हायची ती होवो. तोवर आपल्या माणसांना आपणच सांगायला हवं.

त्या मुलीच्या पत्राचं राहिलंच. फराळाच्या टेबलावरच मी ते उलगडलं. गाडी लावल्याची तारीख ३ ऑक्टोबर. पत्राची तारीख २० ऑक्टोबर. काचेवर काही लावलेलं नव्हतं. बोटांवर मोजून मी तिला दाखवलं: सतरावी तारीख ही शेवटची. गाडी त्या दिवशी कोण चालवत होतं ते मी विचारलं नाही. सवलतीची मुदत संपायला दोन दिवस होते. रविवारी तिनं कीपर म्हणून चार ओळी पाठवल्या. तीन आठवड्यांनी अपील फेटाळल्याचं उत्तर आलं, त्यात पोपलाकडे अपील करायचा कोड आणि ६० पौंडांत मिटवायची संधी पुन्हा. तिनं मला फोन केला. मी काय करावं ते सांगितलं नाही, दोन्ही बाजू पुन्हा वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. फ्रिजवर लावलेलं कालनिर्णय, त्यात २८ वा दिवस लाल पेननं गोल केलेला, आणि चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं: पोपला.

कळावे, लोभ असावा,
हॅरोहून तुमची एक ताई